मोजमाप पुस्तक वाचताना

रस्त्यावर किती डांबर पडलं हे शोधायला छुपा कॅमेरा लागत नाही. रस्ता एक किलोमीटर लांब, सात मीटर रुंद आणि वरचा थर ४० मिलिमीटरचा असेल, तर १००० गुणिले ७ गुणिले ०.०४ म्हणजे २८० घनमीटर माल झाला. दाबून बसवलेल्या डांबरी मालाचं वजन घनमीटरला साधारण २.३ ते २.४ टन धरतात. म्हणजे साडेसहाशे टनांच्या आसपास माल त्या रस्त्यावर यायलाच हवा. एका डंपरला सोळा टन धरले तर चाळीसेक खेपा होतात. मग वजनकाट्याच्या पावत्या मागवायच्या. पावत्या अठ्ठावीसच निघाल्या तर प्रश्न उघड आहे. पंचेचाळीस निघाल्या तरी लगेच समाधान मानायचं नाही. गाडीचे नंबर आणि वेळा एकाखाली एक लिहून काढायच्या. येरवड्याच्या बाजूने माल भरून निघालेली गाडी कात्रजला तो रिकामा करून अर्ध्या तासात पुन्हा काट्यावर उभी राहिलेली दिसली, तर पुण्याची रहदारी माहीत असलेल्या कुणालाही पुढचं सांगावं लागत नाही.

या सगळ्याचा मूळ कागद म्हणजे मोजमाप पुस्तक. ठेकेदाराचं बिल त्याच्यावरच निघतं. त्याची पानं छापील क्रमांकाची असतात. कनिष्ठ अभियंत्याने जागेवर जाऊन लांबी, रुंदी, जाडी मोजायची, तिथल्या तिथे नोंद करायची आणि वरच्या अभियंत्याने त्यातली काही मोजमापं स्वतः तपासून सही करायची, अशी रीत. चूक झाली तर आकडा खोडून शेजारी सही. गडबड झालेलं पुस्तक बहुतेक वेळा फार स्वच्छ असतं. तीन आठवड्यांचं काम एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखं दिसतं, एकही खाडाखोड नसते, आणि दर शंभर मीटरला रुंदी बरोब्बर तेवढीच भरते. खरा रस्ता तसा नसतो. तो कुठे साडेसहा मीटरचा होतो, कुठे झाडाला वळसा घालतो, कुठे ड्रेनेजच्या झाकणांपाशी तुटतो. पुण्याच्या पेठांतल्या रस्त्याची रुंदी सलग पाचशे मीटर सारखीच दाखवली असेल, तर मोजणारा तिथे गेलाच नव्हता असं धरून कामाला लागायला हरकत नाही.

आणि जाडी? ती वरून दिसत नाही. तिच्यासाठी रस्त्यात गोल भोक पाडून गाभा (कोअर) काढून तपासलेल्या नमुन्यांचा अहवाल मागायचा आणि नमुने रस्त्याच्या कोणत्या टप्प्यावरून घेतले ते विचारायचं. सगळे नमुने पहिल्या दोनशे मीटरमधले असतील, तर उरलेल्या आठशे मीटरविषयी तो अहवाल काहीच सांगत नाही.

शोधपत्रकारिता हे असं काम आहे. बेरीज, गुणाकार, तारखा, सह्या. धाडस लागतंच, पण ते शेवटच्या टप्प्यावर. त्याआधीचे कित्येक आठवडे लागते ती कागदापाशी बसण्याची चिकाटी. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कागद मिळणं आधीपेक्षा पुष्कळ सोपं झालं, आणि नेमक्या त्याच काळात ते वाचत बसायला पगारी वेळ मिळणारा माणूस बातमीदारीतून उठून गेला. माध्यमं बिकाऊ झाली, भित्री झाली, असं सरसकट बोललं जातं. मला हे निदान अपुरं वाटतं. भित्री माणसं पूर्वीही होती. पण पूर्वी एका बातमीमागे सहा आठवडे बसू देणारी व्यवस्था होती, थोडीथोडकी का होईना, आणि ती मोडली.

कागदाची पारख हा या कामाचा पहिला धडा, आणि तो पुण्याच्या पत्रकारितेला फार लवकर मिळाला. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ १८८१ च्या जानेवारीत सुरू झाले. कोल्हापूरच्या छत्रपतींना त्यांचे दिवाण माधवराव बर्वे छळतात, असा मजकूर दोन्ही पत्रांनी छापला. आधाराला पत्रं होती. खटला उभा राहिला तेव्हा ती पत्रं बनावट निघाली. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची साधी कैद झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. आपण हा प्रसंग त्यागाची गोष्ट म्हणून शाळेत शिकतो. पत्रकारितेच्या वर्गात तो पुराव्याची गोष्ट म्हणूनही शिकवायला हवा. छळाची शंका प्रामाणिक असेल, लोकभावना बाजूने असेल, लिहिणारे निःस्पृह असतील, तरी हातातला कागद खोटा असला की सगळी बाजू कोसळते. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या प्रत्येक ‘गोपनीय पत्रा’च्या वेळी ते १०१ दिवस आठवावेत.

पारख करायची कशी? सरकारी पत्र असेल तर आधी जावक क्रमांक बघायचा. त्या कार्यालयाच्या आवक-जावक नोंदवहीत त्या क्रमांकापुढे तोच विषय आहे का, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या क्रमांकांच्या तारखा जुळतात का, हे तपासायचं. तारीख रविवारची किंवा सुट्टीची आहे का? सही करणारा अधिकारी त्या दिवशी त्या पदावर होता का? बदलीचे आदेश यासाठी हाताशी ठेवावे लागतात. बनावट कागदात हुद्दा हमखास चुकतो, कारण बनवणाऱ्याला त्या अधिकाऱ्याचं आजचं पद माहीत असतं, तीन वर्षांपूर्वीचं नसतं. आणि कागद खरा निघाला तरी एक प्रश्न उरतो: हा मला आजच का मिळाला? महापालिकेत कागद बाहेर पडतात ते बहुधा कुणाचं तरी कुणाशी तरी बिनसलेलं असतं म्हणून. त्याने कागद खोटा ठरत नाही. फक्त त्याच नस्तीतले, म्हणजे फाइलमधले, न दिलेले कागद कोणते, ते शोधायचं काम वाढतं.

नस्तीला दोन अंगं असतात. एक टिपणीचा भाग आणि दुसरा पत्रव्यवहाराचा. लोक माहिती अधिकारात पत्रव्यवहार मागतात आणि टिपणी विसरतात. खरी गोष्ट टिपणीत असते. लिपिकाने काय सुचवलं, लेखा विभागाने कुठे हरकत घेतली, त्या हरकतीखाली वरिष्ठांनी ‘चर्चा करावी’ असा शेरा मारल्यावर तीच हरकत दोन पानांनी कशी मावळली, हे सगळं तिथे क्रमाने वाचायला मिळतं. पानांचे क्रमांक मोजावेत. चौदानंतर सोळा आलं तर पंधरावं पान कुठे गेलं, हा पहिला प्रश्न.

माहितीच्या अधिकाराचं श्रेय महाराष्ट्राने अभिमानाने घ्यावं. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर राज्याचा कायदा आधी आला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा देशभर लागू झाला. अर्जाला १० रुपये, पानाला २ रुपये, उत्तराला ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. अर्ज फसतात ते बहुतेक दोन कारणांनी. एक म्हणजे ‘का’ विचारणं. ‘या रस्त्याचं काम निकृष्ट का झालं?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. त्याने अस्तित्वात असलेला कागद द्यायचा असतो. म्हणून कागदाचं नाव घेऊन मागावं: कार्यादेश, मंजूर अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकाची अमुक कामाची पानं, अदा केलेल्या देयकाची प्रत, गुणवत्ता चाचणीचा अहवाल. दुसरं कारण म्हणजे हाव. ‘गेल्या दहा वर्षांतल्या सर्व रस्त्यांची माहिती’ मागितली की माहिती विस्तृत आहे असं उत्तर ठरलेलं. त्यापेक्षा आधी अभिलेख पाहायला मागावेत. पाहणीच्या पहिल्या तासाला शुल्क नसतं, आणि त्या तासात कोणती चाळीस पानं कामाची आहेत ते कळतं. पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कागद पाहू देण्याची पद्धत सुरू झाली, आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने ती इतर महापालिका, जिल्हा परिषदा आणि जिल्हाधिकारी कार्यालयांसाठीही लागू करणारा निर्णय काढला. पत्रकारांनी या दोन तासांचा जेवढा उपयोग करायला हवा होता तेवढा केला नाही, असं मला वाटतं. तो प्रामुख्याने माहिती अधिकार कार्यकर्त्यांनी केला, आणि पुण्यातल्या कितीतरी मोठ्या बातम्यांची सुरुवात त्यांच्या पिशवीतून झाली.

मुदतीत उत्तर आलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील. त्याचा निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत व्हावा. मग ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. मुदत उलटून गेल्यावर मिळणारी माहिती विनामूल्य द्यावी लागते, हे अधिकारी आपणहून सांगत नाहीत. आयोगापुढे तारीख पडायला मात्र महिने जातात, कधी वर्षही उलटतं. दैनिकाच्या वेळापत्रकात ते बसत नाही. म्हणून सराईत माणूस एकाच विषयाचे दोन-तीन छोटे अर्ज वेगवेगळ्या कार्यालयांत टाकून ठेवतो. महापालिकेने नाकारलेलं पत्र ज्या राज्य विभागाला पाठवलं होतं, त्या विभागाच्या आवक नस्तीत ते असतंच. ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं उत्तर आलं तर अर्ज तिथेच सोडू नये. नष्ट केलेल्या अभिलेखांची नोंद मागावी. शासकीय कागदांचं अ, ब, क, ड असं वर्गीकरण असतं, कोणता किती वर्षं ठेवायचा ते ठरलेलं असतं आणि अ वर्गाचा कागद कायम ठेवायचा असतो. तो नष्ट केल्याची नोंद नसेल तर तो हरवलेला आहे, आणि सार्वजनिक अभिलेख हरवण्याविरुद्ध महाराष्ट्रात २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. एवढं एका साध्या पत्रात लिहिलं की पुष्कळदा नस्ती ‘सापडते’. या हत्याराची धार कमी होते आहे, हेही सांगायला हवं. २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललं. आधी सार्वजनिक हिताचा तोल त्या कलमातच पाहिला जायचा. नव्या शब्दांत तिथे सरळ नकार आहे. सार्वजनिक हिताची तरतूद कायद्यात दुसरीकडे उरली असली, तरी तिच्यापर्यंत पोचायला अपिलं लढावी लागणार.

पुण्यात जमिनीचे कागद न वाचता शोधबातमी करणं म्हणजे समुद्र सोडून कोकण लिहिणं. हिंजवडी, वाघोली, मांजरी, तळेगाव, जिकडे शहर सरकलं तिकडे सातबारा बदलत गेला. सातबारा ऑनलाइन फुकट दिसतो, त्यामुळे तो सगळेच बघतात. पण तो आजची स्थिती सांगतो. इतिहास फेरफारात, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदींत, असतो. हस्तलिखित जुना सातबारा मिळवला तर त्यावर कंसात टाकलेली नावं दिसतात, आणि प्रत्येक नावापाशी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक. ते क्रमांक धरून मागे मागे जायचं. कुणाच्या मृत्यूनंतर वारसनोंद झाली, त्यात बहिणींची नावं होती का, पुढच्या फेरफारात ती हक्कसोडपत्राने गेली की नुसतीच गळली? ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाची, वतनाची किंवा कूळकायद्याच्या, विक्रीवर बंधन घालणाऱ्या कलम ४३ ची नोंद होती का, आणि होती तर ती कोणत्या आदेशाने कमी झाली? त्या आदेशाचा क्रमांक फेरफारात लिहिलेला असतो. तो आदेश ज्या कार्यालयाने काढला तिथे जाऊन मूळ प्रत मागितली की कधी कधी त्या क्रमांकाचा आदेश भलत्याच गावाचा निघतो. फेरफार नोंदवल्यावर हितसंबंधितांना हरकतीसाठी १५ दिवस द्यावे लागतात. नोंदीची आणि मंजुरीची तारीख शेजारी ठेवली, की हरकतीचे दिवस कुणाला मिळाले आणि कुणाला नाही ते दिसतं.

सातबाऱ्याच्या जोडीला सूची क्रमांक २. खरेदीखताचा हा गोषवारा नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. त्यात घेणारा, देणारा, मोबदला, बाजारभाव, भरलेलं मुद्रांक शुल्क, दस्त कोणत्या तारखेला झाला आणि कधी नोंदवला, सगळं असतं. मोबदल्याच्या आणि बाजारभावाच्या रकान्यांत मोठं अंतर असेल तर तिथे थांबायचं. घेणारी कंपनी असेल तर कंपनी कामकाज मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरून तिचे वार्षिक विवरण, ताळेबंद आणि संचालकांची नावं पाहता येतात. प्रत्येक संचालकाला एक ओळख क्रमांक असतो आणि तो त्याच्यासोबत सगळ्या कंपन्यांत फिरतो. नावांवर विसंबू नये. देवनागरीतलं एकच आडनाव इंग्रजी कागदांत चार प्रकारे लिहिलेलं सापडतं, आणि एकाच नावाची दोन माणसं एकाच तालुक्यात असतात. भलत्याच माणसावर ठपका येतो तो इथे. नाव, पत्ता आणि ओळख क्रमांक, तिन्ही जुळेपर्यंत ‘तोच हा’ असं लिहायचं नाही.

वर्तमानपत्रातल्या ‘जाहीर नोटीस’चं पान पूर्वीचे बातमीदार रोज वाचत. मालकी हक्क तपासणाऱ्या वकिलाची नोटीस म्हणजे तिथे व्यवहार होऊ घातला आहे. बँकेच्या ताब्याची नोटीस म्हणजे कुणाचं तरी कर्ज थकलं. विकास आराखड्यातल्या फेरबदलावर हरकती मागवणारी बारीक टायपातली सूचना म्हणजे कुठल्या तरी जमिनीवरचं आरक्षण हलतं आहे, आणि हरकतीची मुदत आजपासून मोजायची. हे पान आजही छापलं जातं.

निविदेतली ठेकेदारांच्या संगनमताची साखळी ओळखायच्या खुणा अगदी घरगुती आहेत. तीन ठेकेदारांनी स्पर्धा केली असं दाखवलेलं असतं, पण तिघांच्या बयाणा रकमेचे डिमांड ड्राफ्ट एकाच शाखेचे आणि लागोपाठच्या क्रमांकांचे असतात. तिघांच्या प्रतिज्ञापत्रांत एकच शुद्धलेखनाची चूक त्याच ओळीत असते. अटी वाचाव्यात: अमुक यंत्रसामग्री मालकीचीच हवी, प्लांट कामाच्या जागेपासून अमुक किलोमीटरच्या आतच हवा, असं लिहिलं की निविदा उघडण्याआधीच नाव ठरलेलं असू शकतं. मोठं काम तुकडे करून ई-निविदेच्या मर्यादेखाली आणलं आहे का, हे बघायला एकाच गल्लीची, एकाच महिन्यातली कामं एका तक्त्यात मांडावीत. पुण्यात एकच ड्रेनेज लाइन क्षेत्रीय कार्यालयाच्या निधीतून आणि मुख्य खात्याच्या निधीतून अशी दोनदा दाखवता येते, कारण दोन्हीकडचे कागद दोन वेगळ्या इमारतींत असतात. अंदाजपत्रकात एका कामाला ठेवलेली रक्कम दुसऱ्याकडे वळवतात त्याला महापालिकेत वर्गीकरण म्हणतात. वर्षभरातल्या वर्गीकरणाच्या प्रस्तावांची यादी केली, तर शहराने ठरवलेलं काय आणि झालेलं काय, हे कुठल्याही भाषणापेक्षा स्पष्ट दिसतं. तसंच तातडीच्या नावाखाली निविदा न काढता केलेला खर्च: महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७ (३) (क) खालचे प्रस्ताव. पावसाळा दरवर्षी जूनमध्येच येतो, तरी नालेसफाईचं एखादं काम तातडीचं कसं होतं, हे विचारायला हवं.

स्थायी समितीच्या आणि मुख्य सभेच्या कार्यपत्रिकेत हे सगळं छापून यायचं आणि विरोधी बाकावरचा एखादा अभ्यासू नगरसेवक त्यावर बोट ठेवायचा. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर निवडणुकीविना वर्षांमागून वर्षं गेली. त्या काळात हे प्रस्ताव प्रशासकासमोर गेले आणि तिथेच मंजूर झाले. सभागृह नसेल तेव्हा बातमीदाराचं काम दुप्पट होतं. नेमक्या त्याच काळात महापालिका बघणारा माणूस बहुतेक कार्यालयांत एकटा उरला होता आणि त्यालाच व्हिडिओही करायचे होते.

हा एकटेपणा एका दिवसात आला नाही. पूर्वी दैनिकाच्या कार्यालयात कात्रणांचं दालन असे, विषयवार पाकिटं असत. ‘पानशेत’ लिहिलेल्या पाकिटात १२ जुलै १९६१ ला धरण फुटल्यानंतरच्या चौकशीची सगळी कात्रणं एकत्र मिळत. त्यामुळे धरणावरची कोणतीही नवी बातमी लिहिणारा निदान एवढं वाचून बसे, की अपुऱ्या कामाच्या धरणात पाणी अडवलं गेलं होतं आणि पाणी सोडण्याच्या नळमार्गाच्या बांधकामात सळईचं बळ नव्हतं. मुद्रितशोधक (प्रूफरीडर) होते. ते शुद्धलेखन बघत, पण त्यांच्या पाठांतरात शहर असे. ‘हे साहेब गेल्या वर्षीच निवृत्त झाले’ असं ते पान परत पाठवताना सांगत. संगणकावर जुळणी सुरू झाली, बातमीदार स्वतःच टाइप करू लागला आणि ही जागा आधी गेली. ‘श्री-लिपी’ ही मराठी फाँटची प्रणाली पुण्यातच तयार झाली, सी-डॅक ही संगणक संशोधन संस्थाही इथलीच. मराठी संगणकावर आणण्यात या शहराचा मोठा वाटा आहे. पण युनिकोड ही सगळ्यांची सामाईक संकेतरचना रूढ होण्याआधी प्रत्येक फाँटची संकेतरचना वेगळी होती. त्या काळातल्या मराठी संकेतस्थळांवरच्या बातम्या आज उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल दिसतो, शोधयंत्राला त्या सापडत नाहीत, आणि परिवर्तक वापरला तरी ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर सरकते, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. म्हणजे १९५० च्या दशकातली बातमी केसरीवाड्यातल्या ग्रंथालयात बसून वाचता येते, आणि तिच्या अर्धशतकानंतरची वाचताना अडखळायला होतं. जुन्या फाइली परिवर्तित करून जपणं हे काम कुठल्याही संपादकाने आज हाती घ्यावं असं आहे. ठेकेदाराचा वीस वर्षांपूर्वीचा इतिहास तिथेच अडकून पडला आहे.

मग २००७-०८ मध्ये मराठी वृत्तवाहिन्या एकापाठोपाठ आल्या. कागद दाखवण्यापेक्षा माणूस बोलताना दाखवणं त्यांना सोपं होतं. वाहिन्यांमुळे यंत्रणा हलते हे खरं आहे आणि त्याचं मोल कमी नाही. पण टिपणीचं पंधरावं पान कुठे गेलं, हे पडद्यावर दाखवता येत नाही.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्राने दुसरी गोष्ट पाहिली. एकाच नेत्याची स्तुती करणारा जवळपास शब्दशः सारखा मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत बातमी म्हणून आला होता. पी. साईनाथ यांनी तो ‘द हिंदू’मध्ये उघड केला. ती पद्धत मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे: वर्तमानपत्रं शेजारी शेजारी ठेवून ओळी जुळवणं. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुरावर, सविस्तर अहवाल केला, तोही आधी पूर्ण प्रसिद्ध झाला नाही. हीच शेजारी ठेवण्याची रीत १९८१ मध्येही उपयोगी पडली होती. तेव्हा सिमेंटचं वाटप सरकारच्या नियंत्रणात होतं. ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्याशी संबंधित न्यासांना मिळालेल्या देणग्या आणि बांधकाम व्यावसायिकांना मिळालेलं सिमेंट यांचा मेळ मांडला. न्यायालयीन प्रवास पुढे फार लांबला, पण जानेवारी १९८२ मध्ये अंतुले यांना पद सोडावं लागलं. दोन याद्या एका पानावर आणल्या एवढंच, आणि तेवढ्यासाठी किती दिवस लागले असतील याची कल्पना याद्या जुळवून पाहिलेल्यालाच येईल.

स्रोत सांभाळणं हा भाग मला सगळ्यांत जास्त काळजीचा वाटतो, कारण तिथल्या चुकीची किंमत दुसरा माणूस भरतो. मिळालेल्या कागदाचा फोटो जसाच्या तसा छापू नये. झेरॉक्सवरची एक रेघ, कोपऱ्यातला पेन्सिलचा आकडा, अमुक प्रत अमुक टेबलाची असल्याची खूण, एवढ्यावरून तो कुठून निघाला ते कळतं. काही रंगीत लेझर प्रिंटर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके पानावर सोडतात. मजकूर पुन्हा टाइप करून दाखवावा. प्रतिक्रिया घेताना समोरच्याला कागद दाखवू नये, त्यातला मुद्दा विचारावा. फोटो किंवा ध्वनिफीत पुरावा म्हणून लागणार असेल तर मूळ फोनमधली मूळ फाइल जपावी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली वेळ-स्थळाची माहिती गळते. पाठवायचाच झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. प्रेस कौन्सिलपुढे पत्रकाराला स्रोत सांगायची सक्ती करता येत नाही, पण न्यायालयात असं निखळ संरक्षण नाही, हे स्रोताला आधीच स्पष्ट सांगायला हवं. पोकळ वचन देऊ नये.

धोका कुणाला असतो तेही नीट पाहावं. तळेगाव दाभाडेचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगतचे जमीनव्यवहार याच कागदांवरून बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी त्यांचा खून झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे गाडीच्या धडकेत गेले. त्यात खुनाचा गुन्हा दाखल झाला. दोघेही गावात, तालुक्यात राहून लिहिणारे, बोलणारे. ज्यांच्याविषयी लिहायचं ती माणसं रोज समोर भेटतात, आणि पाठीशी वकील असलेलं कार्यालय नसतं. तालुक्याच्या वार्ताहराला कित्येकदा पगार नसतो, वर जाहिरातही त्यानेच आणायची असते. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला. पण एखाद्या वार्ताहराकडे स्फोटक कागद आला तर तो त्याच्या एकट्याच्या नावावर छापायचा नाही, दोन-तीन वर्तमानपत्रांनी एकाच दिवशी छापायचा, एवढा साधा उपाय तरी आपल्याला अजून अंगवळणी पाडता आलेला नाही.

छापण्याआधीचं शेवटचं काम कंटाळवाणं आहे आणि तेच बातमीला वाचवतं. एक तक्ता करायचा: तारीख, काय घडलं, कोणता कागद, कोणतं पान, दुसऱ्या कुणी दुजोरा दिला. बातमीतलं प्रत्येक वाक्य त्या तक्त्यातल्या एखाद्या ओळीवर उभं राहिलं पाहिजे. न राहिलं तर ते वाक्य काढायचं, कितीही चांगलं जमलेलं असो. ज्याच्यावर आरोप आहे त्याला प्रश्न लेखी पाठवायचे, क्रमांक घालून, उत्तराला पुरेसा वेळ देऊन. रात्री नऊला फोन करून ‘संपर्क होऊ शकला नाही’ असं छापणं अन्यायाचं आहे. पुष्कळदा उत्तरात असा कागद मिळतो की बातमीचा रोख बदलतो, आणि कधी बातमीच उरत नाही. त्या दिवशी हाती काही न लागता घरी जायची तयारी हवी, आणि संपादकाने त्या सहा आठवड्यांचा हिशेब मागू नये.

छापून आल्यानंतर सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज टाकावा. वसुलीचा आदेश निघाला का, निघाला तर किती रक्कम कोणत्या चलनाने जमा झाली, निलंबित अभियंता कोणत्या तारखेला आणि कुठे परत रुजू झाला. काळ्या यादीतल्या कंपनीच्या संचालकांचे ओळख क्रमांक त्यानंतर नोंदवलेल्या कंपन्यांत शोधावेत, आणि त्या कंपन्यांची नावं यंदाच्या रस्त्यांच्या कार्यादेशांत.